अर्ध्या क्लचवर मालेगाव

नाशिकहून मालेगावला जाऊन आलेली माणसं सांगतात, रस्त्यात बघण्यासारखं काही नाही. त्यांचं खरं असेल, कारण ती दोन-अडीच तासांत पोचतात आणि त्यातलाही बराच वेळ पुढच्या गाडीचं मागचं फळकुट बघण्यात जातो. मला तीन दिवस लागले. मी सायकलवर गेले होते. आता हसून घ्या, मी थांबते.

ही हायवे चौपदरी व्हायच्या आधीची गोष्ट. मी साठी ओलांडली होती. आमचे हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी सायकल शिकले, कुणी शिकवली नाही, गंगापूर रोडच्या आमच्या घरामागच्या मळ्यात पडत-उठत शिकले. मळ्यात थोडा झेंडू, थोडी शेवंती, दोन वाफे मेथी. सकाळी पुढच्या जाळीत फुलं टाकायची आणि बाजारात द्यायची. येताना दळण, मैत्रिणीकडे चहा, मनात आलं तर गोदावरीच्या काठाने एक चक्कर. घरातल्या कुणाला "जरा सोडतोस का रे" म्हणायची वेळ यायची नाही. सायकल म्हणजे माझ्यासाठी एवढंच होतं, पण ते सगळंच होतं.

मग एका सकाळी रस्त्यात उभ्या असलेल्या मोटारीचं दार एका गृहस्थांनी उघडलं आणि मी त्यात गेले. कोपर सोलवटलं. लोक चांगले, धावत आले. आधी सगळ्यांनी दाराला पोचा आलाय का ते बघितलं. मग एकाने मला विचारलं, "आजी, या वयात?" दार त्या गृहस्थांनी न बघता उघडलं होतं, पण चौकशी माझ्या वयाची झाली.

घरी माझ्या मुलाने, शिरीषने, निकाल दिला. "आई, आता बास. सायकल गेटवरच्या वॉचमनला देऊन टाकू. तुला कुठे जायचं असेल तर मी आहे ना गाडी घेऊन."

"तू रात्री आठला येतोस."

"मग आठला जाऊ."

मी म्हटलं, मी रस्त्यावर धडपणे जाऊ शकते हे दाखवलं तर? तो म्हणाला, कसं दाखवशील? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मालेगावला मेहरुनकडे जाते, सायकलने." मेहरुन माझी जुनी शेजारीण. लग्नानंतर पंचवीस-एक वर्षं आम्ही एकाच नळाला पाणी भरलं, मग तिच्या नवऱ्याने माग घेतले आणि ती मालेगावला गेली. कधीची बोलावत होती.

अट ठरली. मालेगावपर्यंत न पडता, आणि एकदाही जीपमध्ये न बसता पोचले, तर सायकल माझी, पुन्हा विषय नाही. पडले किंवा बसले, तर वॉचमनची.

आता तुम्ही विचाराल, जीप कुठून आली? जीप शिरीषच्या दुकानाची, बियाणं-खतं पोचवायची. ती माझ्या मागून चालणार होती, माझ्या सुरक्षिततेसाठी. चालवणार माझे धाकटे दीर, दत्तूभावजी. अख्खी नोकरी त्यांनी एका कारखान्याची कामगारांची बस चालवली. अटीचे पंचही तेच. "वहिनी एक मिनिट माझ्या नजरेआड होणार नाहीत," असं त्यांनी शिरीषच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. डोकं शिरीषचं, शपथ भावजींची, आणि पायडल मी मारायचं.

नाशिक ते पिंपळगाव

घटस्थापनेला दोन दिवस होते. पाऊस सरलेला, दोन्हीकडे सोयाबीन पिवळं पडलेलं, ओझरपर्यंत हवा अशी की कुणी मागून हॉर्न वाजवला नसता तर मी गाणं म्हटलं असतं.

हायवेवर एक उतरंड असते, ती मोटारीत बसून कळत नाही. सगळ्यात वर ट्रक. त्याच्या बरोबरीला लक्झरी बस, तिला घाई जास्त. मग जीपा-मोटारी, मग मोटारसायकली. ट्रॅक्टर या सगळ्यांपासून वेगळा, तो कुणाचंच ऐकत नाही. त्याखाली म्हैस. म्हशीसाठी सगळे ब्रेक मारतात, कारण तिचा मालक जवळपास असतो आणि तो भांडतो. म्हशीच्या खाली सायकल.

आता त्या जीपचं सांगते. माझ्या मागे सायकलच्या वेगाने जीप. जीपच्या मागे एक ट्रक, त्याच्या मागे टेम्पो, त्याच्या मागे मोटारी, अशी शेपटी वाढायची. कुणाला कळेना पुढे काय झालंय. मग एकेक जण चिडून उजवीकडे घ्यायचा, जीप ओलांडायचा आणि समोरून गाडी दिसली की पटकन डावीकडे घुसायचा. डावीकडे मी. जीपच्या पुढे एक म्हातारी सायकलवर असेल हे बिचाऱ्यांना ठाऊकच नसायचं, जीपने मला पूर्ण झाकलेलं. म्हणजे मागून येणाऱ्या धोक्यापासून मी अगदी सुरक्षित होते आणि तोच धोका पुढून माझ्या अंगावर आणून घातला जात होता.

ओझरच्या पुढे एका चिंचेखाली थांबलो. भावजींनी जीपमधला स्टोव्ह पेटवून चहा ठेवला. चहा फक्कड करतात हं, आलं ठेचून.

मी म्हटलं, "भावजी, तुम्ही पुढे जाऊन थांबत जा. मी येते मागून."

"नजरेआड नाही. शब्द दिलाय."

"तुमच्यामुळे लोक माझ्या अंगावर येतायत."

"तुम्ही डावीकडे अजून दाबा ना, वहिनी."

"डावीकडे चिखल आहे."

"चिखल काय मारत नाही माणसाला." बशीत चहा ओतून फुंकर घालत ते म्हणाले, "मी एवढी वर्षं बस चालवली, एक सायकलवाला कधी घासला नाही. लांबूनच हॉर्न द्यायचा. पहिला सांगायला, दुसरा लांबलचक. आपोआप उतरायचा."

"सायकलवरून?"

"रस्त्यावरून."

"आणि मग?"

"मग काय, मी पुढे."

"त्याचं काय व्हायचं ते विचारते मी."

भावजींनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "आरशात दिसायचा थोडा वेळ," म्हणाले.

त्या दिवशी तीनदा डांबर सोडून कडेला उतरले, पण पडले नाही. भावजींनी मान्य केलं, पाय टेकणं म्हणजे पडणं नव्हे. पिंपळगावला त्यांच्या एका जुन्या सोबत्याकडे मुक्काम केला. बाजरीची भाकरी आणि उडदाचं घुटं, वर कच्चं तेल आणि ठेचा. माझ्या पोटऱ्यांना त्या माउलीने तेल लावून दिलं आणि विचारलं, "घरी काय भांडन झालं का?"

पिंपळगाव ते चांदवड

हे दिवस टोमॅटोचे. बाजाराकडे जाणारा टोमॅटोचा टेम्पो ही काय चीज आहे ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. क्रेटवर क्रेट, त्यावर माणसं, आणि भाव पडायच्या आत पोचायचं. सकाळी गावाबाहेर पडेपर्यंत समोरून असे इतके आले की माझ्या साडीवर लाल शिंतोडे पडले, आणि मागे भावजी क्षणभर घाबरले.

त्या घाबरण्यातून त्यांना युक्ती सुचली. ट्रकमधून लोखंडी सळया बाहेर आलेल्या असल्या की टोकाला लाल फडकं बांधतात ना, जपून या म्हणून? भावजींनी दुकानातून तांबडं कापड घेतलं. एक तुकडा जीपच्या बॉनेटला, एक मागे, आणि एक काठीला बांधून ती काठी माझ्या कॅरिअरला उभी केली. मी म्हटलं, "मी काय सळई आहे?" ते म्हणाले, "त्याहून बारीक दिसता लांबून."

आणि काय सांगू, रस्ता बदलला. मागून आलेला ट्रक हॉर्न न वाजवता हळू झाला, अख्खी बाजू सोडून लांबून गेला, आणि जाता जाता ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचा हात काढून छातीला लावला. दुसऱ्याने तसंच. एक मोटार थांबलीच, आतल्या बाईंनी काच खाली करून हात जोडले. मीही जोडले, एक हात, दुसरा हँडलला.

उलगडा झाला शिरवाड्याच्या पुढे. तिथे रस्त्याकडेला बायका घट बसवायला माती काढत होत्या. त्यातली एक हळदी-कुंकू घेऊन धावत आली, हँडलला बोट लावलं, पुढच्या चाकाला लावलं, मग माझ्या कपाळाला.

"कुन्या गावाची ज्योत म्हनायची, बाई?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्या भागात नवरात्राच्या तोंडावर मंडळांची पोरं गडावर जातात आणि देवीची ज्योत घेऊन आपापल्या गावाला पळत येतात. पुढे एक पळणारा, मागे सावकाश चालणारी गाडी, गाडीला तांबडे झेंडे. लोकांनी भावजींचं धोक्याचं फडकं देवीचं निशाण धरलं होतं.

"नाही हो, मी आपली मैत्रिणीकडे चाललेय," मी खरं तेच सांगितलं.

"असं म्हनावं लागतं, माहीत हाय," ती म्हणाली. "पन ज्योत दिसंना कुठं."

मागून भावजींचा गंभीर आवाज आला, "आत आहे. वाऱ्यापासून जपून ठेवलीय."

आत स्टोव्ह होता. त्या बाईने जीपसमोर नारळ वाढवला, एक कवड माझ्या जाळीत टाकली आणि म्हणाली, "लय पुन्य लागंल, या वयात." गंगापूर रोडवरच्या त्या माणसानेही वयच काढलं होतं, पण हिचा सूर निराळा होता.

दुपारी खरीखुरी ज्योत मागून आली. घामाने निथळणारी पोरं, मागे टेम्पो, टेम्पोवर कर्णे. टेम्पोवाल्याने भावजींना विचारलं, "कोणतं मंडळ, काका?" भावजी म्हणाले, "गंगापूर रोड." त्याने माझ्याकडे बघितलं. "एकच मेंबर?" "बाकीचे दमले," भावजी म्हणाले.

एका धाब्यावर शेवभाजी खाताना मी त्यांना म्हटलं, हे मला बरं वाटत नाही. काल मी होते तशीच आज आहे, तेच हाडंमांस. काल मला हातभर रस्ता कुणी दिला नाही, आज अर्धा देतायत, तो मला नव्हे.

भावजींनी रस्सा ओरपला. "कुणाला का देईनात, वहिनी. चाक तुमचंच जातंय ना त्यावरून?"

खोटं नको म्हणून काठी काढावी, तर सायकल जायची भीती. मी काठी ठेवली. देवीला मनात सांगितलं, सायकल वाचली तर चालत तुझा डोंगर चढेन. चांदवडच्या चढाला दम निघाला तेव्हा वाटलं, उगाच बोलले.

राहूड घाट

तिसऱ्या दिवशी चांदवड सोडलं तेव्हापासून काहीतरी जळाल्याचा वास येत होता. मी म्हटलं, कुणी शेतात पाचट पेटवलं असेल. घाटाच्या तोंडाशी एका चहाच्या टपरीजवळ मागचा इंजिनाचा आवाज एकदम वाढला आणि मागे मागे राहिला. वळून बघते तर जीप जागेवर उभी राहून गुरगुरतेय, चाक हलत नाही.

क्लच प्लेट जळाली होती. सायकलच्या वेगाने चालायचं म्हणून अडीच दिवस भावजींनी गाडी अर्ध्या क्लचवर चालवली होती. नव्या माणसाने क्लच जाळणं वेगळं. भावजींचा चेहरा असा झाला की मी चष्मा पुसायला लागले.

मिस्त्री उमराण्याला, घाट उतरून. टपरीवाला म्हणाला, "हात करा, कोनीबी घेईल." आता पेच बघा. भावजी ट्रकमध्ये बसले तर मी त्यांच्या नजरेआड, म्हणजे शब्द मोडला. मी त्यांच्यासोबत ट्रकमध्ये बसले तर सायकल गेली.

"मग?" मी विचारलं.

भावजींनी माझ्या कॅरिअरकडे बघितलं. त्यावर झेंड्याची काठी होती. ती सोडली, जीपमध्ये टाकली आणि जीप टपरीवाल्याच्या हवाली केली.

घाटाची वळणं आम्ही चालत उतरलो, मी एका बाजूने सायकल धरून, भावजी दुसऱ्या. उतार सरल्यावर ते मागे बसले, एकाच बाजूला दोन्ही पाय सोडून, नव्या सुनेसारखे. हाताने माझ्या सीटची स्प्रिंग धरलेली.

निशाण गेलं, जीप गेली, आणि देवी दोघांबरोबर उतरून गेली बहुतेक. पहिल्याच ट्रकने असा हॉर्न दिला की माझं हँडल थरथरलं.

"एवढ्या जवळून?" मागून भावजी.

"हा लांबून गेला."

दुसरा गेला. त्याच्या वाऱ्याने आम्ही आत ओढले गेलो आणि मग बाहेर. भावजी म्हणाले, "वहिनी, हे आपल्याला दिसत नाहीत का?"

"दिसतो आपण. आरशात, थोडा वेळ."

त्यांनी सीटची स्प्रिंग अजून घट्ट धरली. मला वाटलं, जास्त बोलले.

मग समोरून कांद्याचा ट्रक येताना दिसला आणि त्याच्या मागून एक लक्झरी बाहेर निघाली. दिवसाउजेडी दिवे उघडमीट करत ती आमच्या बाजूने सरळ आमच्यावर येत होती. आपल्याकडे जो आधी दिवे मारतो त्याचा रस्ता, हा नियम कुणी लिहिला नाही पण सगळ्यांना पाठ आहे. मी डावीकडे घेतलं. डांबर संपतं तिथे वीतभर खाली साइडपट्टी. सायकल खाली आदळली, मागचं चाक उडालं आणि एकदम हलकं झालं. मी कशीबशी हँडल धरून, एक चप्पल घासत, खडीतून वाकडीतिकडी बरीच पुढे गेले आणि एका बाभळीला हात टेकून थांबले. उभी होते. सायकल उभी होती.

मागे धूळ. धूळ खाली बसली तेव्हा घाणेरीच्या झुडपात भावजी दिसले. सायकल टाकून पळत गेले. ते बसलेले, टोपी गेलेली, पँट गुडघ्याला फाटलेली, बाकी धड.

"लागलं का?"

त्यांनी गेलेल्या बसच्या दिशेने बघितलं. "ब्रेकला पाय नाही लावला त्याने," म्हणाले. "दिवे मारले, म्हणजे त्याच्या बाजूने काम झालं. आता आपण कुठे गेलो ते त्याचं काम नाही." मी त्यांच्या सदऱ्याचे काटे काढत राहिले. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, मी जे उतरवायचो, ते सगळे उभे राहिले असतील ना?"

मला काय ठाऊक? मी म्हटलं, "चला, मिस्त्री गाठायचाय."

उमराण्यापर्यंत आम्ही पुढचं अंतर थोडं बसून, थोडं चालत काटलं. माझ्या मनात दुसरीच चक्रं फिरत होती. पडणं झालं होतं. सायकलवरून माणूस पडला होता. पंच स्वतःच पडला होता आणि तो काय ठरवतो ते मला विचारवेना, त्यालाही सांगवेना.

मिस्त्री आपल्या माणसाबरोबर मोटारसायकलने जीप बघून आला. हात पुसत म्हणाला, "प्लेट पार जयी गयी शे, दादा. नवा डायवर शे का?" भावजी आभाळाकडे बघत राहिले. नवी प्लेट नाशिकहून मागवायची होती. जीप घाटातल्या टपरीपाशीच राहिली.

मालेगाव

सौंदाण्याच्या पुढे सायकली दिसायला लागल्या. एक, दोन, मग थवे. गाव लागलं तेव्हा रस्ताभर सायकली, मागावर जाणारे, मागावरून येणारे, कॅरिअरला सुताचे पेटारे, साडीच्या थप्प्या, एकावर तर शेळी. आमच्या गंगापूर रोडला सायकलवाला कडेकडेने चोरासारखा जातो. इथे एक मोटार मध्ये अडकलेली, आतला माणूस घामाघूम, हॉर्न वाजवतोय आणि कुणी ढुंकून बघत नाही. भावजी कॅरिअरवरून म्हणाले, "ह्याला काही अक्कल आहे का, एवढ्या सायकली दिसतायत तर." मी घंटी वाजवली.

मेहरुनच्या गल्लीत सगळीकडून मागांची खटखट. ती दारात आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भाभी, सचमुच सायकलवर? मी समजले फोनवर मजाक करते. आणि ये भाईसाब मागे बसून?"

"जीप बिघडली," भावजी म्हणाले.

"अच्छा, तो जीपवाले तुम्ही होते."

तिने पाय धुवायला गरम पाणी दिलं, चहाबरोबर नानखटाई दिली. पण माझं लक्ष नानखटाईत नव्हतं. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर शिरीषला फोन लावायचा होता. तिघं गेलो. भावजींनी रिसीव्हर धरला, मी बाहेर काचेला टेकून, मेहरुन माझा हात धरून.

"हो, पोचलो... नाही, एकदाही नाही बसल्या जीपमध्ये." मग थांबले. "पडण्याचं विचारतोस?"

त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. मी खाली माझ्या घासलेल्या चपलेकडे.

"मी पडलो," भावजी म्हणाले. "वहिनी नाही पडल्या... अरे, सायकलवरूनच. मागे बसलो होतो... कारण जीप राहूडला आहे. क्लच गेला... मीच चालवत होतो, दुसरं कोण चालवणार?"

मग त्यांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला. आतला आवाज आम्हाला बाहेर ऐकू येत होता. संपल्यावर परत कानाला लावला.

"जीपचं बघू नंतर. सायकल त्यांची, ठरलं ते ठरलं. मी पंच आहे." थोडा वेळ ऐकलं. "न्यायला येतोस? ये की. पण घाट उतरल्यावर दिवे मारत येऊ नकोस, शिरीष. कडेला माणसं असतात."